झिजलेल्या कोब्यासाठी एसबीआर लॅटेक्स: सोलापूरच्या उन्हात काय टिकते, काय सुटते

अंगणातल्या कोब्याची खडी वर आली, झाडू मारला की रेती निघू लागली, पायऱ्यांच्या कडा तुटल्या, की घरमालक हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि दुकानदार पांढऱ्या द्रवाचा कॅन पुढे करतो. गवंडी त्याला नुसते ‘केमिकल’ म्हणतात. हे असते एसबीआर लॅटेक्स, म्हणजे पाण्यात मिसळलेले स्टायरीन ब्युटाडाईन रबराचे अतिसूक्ष्म कण. पिडिलाइटचे डॉ. फिक्सिट पिडिक्रीट यूआरपी, फोसरॉकचे नायटोबाँड एसबीआर, सिकाचे लॅटेक्स ही याच जातीची नावे. आमचे मत आधीच सांगतो: खालचा कोबा घट्ट असेल, तर घराभोवतीच्या झिजेवर पैशाच्या मानाने याच्याइतका उपयोगी दुसरा माल नाही. खालचा कोबा पोकळ किंवा हलता असेल, तर हा कॅन विकत घेऊ नका, कोणत्याही कंपनीचा असो.

साध्या सिमेंट-वाळूचा सेंटिमीटरभर थर जुन्या कोब्यावर का टिकत नाही, हे कळले की लॅटेक्सचे काम आपोआप कळते. जुना कोबा खालून पाणी शोषतो, वरून ऊन ओढते. एवढ्या पातळ थरात सिमेंटला मुरायला पाणीच उरत नाही. शिवाय नवा थर वाळताना आकसतो, जुन्याचे आकसणे मात्र वर्षांपूर्वीच संपलेले असते. ही ओढाताण जोडावर येते, कडा उचलल्या जातात आणि दोन-तीन महिन्यांत थापटले की डबडब वाजते. लॅटेक्समधले पाणी निघून गेले की रबराचे कण एकमेकांना चिकटून मालाच्या छिद्रांमध्ये पापुद्रा धरतात. त्यामुळे आतले पाणी लवकर उडत नाही, जुन्या पृष्ठभागावरची पकड वाढते आणि थर थोडा ताण सोसू शकतो. माल कालवायला पाणीही कमी लागते आणि मजबुतीत त्याचाच मोठा वाटा असतो.

आधी कोबा तपासा

हातोडीच्या दांड्याने किंवा लोखंडी सळईने दर फूटभर अंतरावर ठोकत चला. खणखणीत आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तेवढ्या भागावर खडूने रेघ मारा. मग खिळ्याने जोर लावून ओरखडा काढा. पांढरी रेघ उमटली तर पृष्ठभाग चांगला, खिळा आत घुसून माती-रेती निघाली तर तेवढा थर काढावाच लागेल. तिसरी चाचणी पाण्याची. थोडे पाणी शिंपडा, ते मिनिटाभरात मुरले तर कोबा शोषून घेणारा आहे आणि थर चांगला धरेल. थेंब तसेच उभे राहिले तर वर तेल, रंग, मेण किंवा जुने कोटिंग आहे. त्यावर काहीही चिकटणार नाही.

रेखलेल्या पोकळ भागांची बेरीज एकूण क्षेत्राच्या चौथाईच्या वर गेली, तर डागडुजीचा विचार सोडून सगळा कोबा काढलेला बरा. हा आमचा अंदाजाचा नियम आहे, पण याच्या पुढे गेले की फोडण्याची मजुरी आणि ठिगळांचा खर्च मिळून नव्या कोब्याच्या जवळ पोहोचतो.

सोलापुरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे खालची माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. प्लॉट भरताना ती न काढता तिच्यावरच कोबा ओतला असेल, तर तडे दरवर्षी उघडतात आणि मिटतात. असा तडा ओळखण्यासाठी त्याच्या आरपार प्लास्टर ऑफ पॅरिसचे बोटभर रुंद ठिगळ लावून ठेवा. ऋतू बदलला आणि ठिगळ चिरले, तर तडा जिवंत आहे. जिवंत तड्यावर लॅटेक्सचा थर टाकला तर तो तडा पुढच्या उन्हाळ्यात जसाच्या तसा वर येतो. तिथे खरा उपाय म्हणजे कोबा फोडणे, काळी माती निदान दीड फूट काढणे, मुरूम 6-6 इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसणे आणि मगच नवे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक.

पृष्ठभाग तयार करणे: इथेच काम जमते किंवा फसते

थर सुटल्याच्या तक्रारींत दोष बहुतेक वेळा मालाचा नसतो, खालच्या तयारीचा असतो. सैल झालेला प्रत्येक कण निघाला पाहिजे. लहान भागाला छिन्नी-हातोडा आणि तारेचा ब्रश पुरतो. मोठ्या अंगणाला अँगल ग्राइंडरवर डायमंड कप व्हील लावून वरची गुळगुळीत साय काढावी. ही धूळ सिलिकाची असते. साधा रुमाल तिला अडवत नाही, एन95 मास्क हवा आणि डोळ्यांना चष्मा हवा. गुळगुळीत पण घट्ट कोब्याला दर दोन इंचांवर छिन्नीचे टाचे मारावेत, टाचा 3 ते 5 मिलिमीटर खोल असावा.

ॲसिडने धुण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. मोरी धुण्याचे ॲसिड हायड्रोक्लोरिक असते. ते सिमेंट खाते, खडबडीतपणाही देते, पण त्याचे क्लोराइड मागे राहते. गच्चीच्या स्लॅबवर, गॅलरीत किंवा पायऱ्यांच्या आरसीसीवर ते अजिबात वापरू नये, आतली सळई गंजायला लागते. जमिनीवरच्या बिनसळईच्या कोब्यावर वापरलेच, तर नंतर भरपूर पाण्याने निदान तीनदा धुवावे. पण ब्रश आणि ग्राइंडरने काम होत असेल तर ॲसिडच्या वाटेला जाऊ नये.

दुचाकीचे ऑइल पडलेले डाग आधी धुण्याचा सोडा आणि गरम पाण्याने घासा. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मुरत नसेल तर तेल खोल गेले आहे. तेवढा भाग 10-12 मिलिमीटर खोदून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जिथे नवा थर संपतो, तिथे तो शून्यावर आणून मिटवण्याची सवय गवंड्यांना असते. अशी पातळ कड सगळ्यात आधी उडते. त्या रेषेवर कटरने 10 मिलिमीटर खोल खाच मारावी आणि आतल्या बाजूचे काँक्रीट छिन्नीने काढावे, म्हणजे थराला कडेलाही पूर्ण जाडी मिळते. ठिगळ चौकोनी असावे. वेडेवाकडे ठिगळ कोपऱ्यातून चिरत जाते.

स्थिर असलेले बारीक तडे 10 बाय 10 मिलिमीटरच्या खाचेत उघडून लॅटेक्सच्या घट्ट मालाने भरता येतात. जिवंत पण थोडेच हलणारे तडे आणि कोबा भिंतीला मिळतो ती रेष यांत मात्र सिमेंट नको. तिथे पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सीलंट भरावे. खाचेत आधी फोमची दोरी घालावी म्हणजे सीलंट तळाला चिकटत नाही. रुंदी खोलीच्या दुप्पट ठेवावी. तळाला चिकटलेले सीलंट मोकळेपणाने ताणले जात नाही आणि मधून फाटते.

प्रमाण आणि कालवणे

100 चौरस फुटांना 10 मिलिमीटर जाडीसाठी लागते: सिमेंट 1 पोते, वाळू पावणेचार घनफूट, लॅटेक्स मालात 10 लिटर आणि जोडलेपात (जुन्या कोब्यावर मालाच्या आधी लावायच्या लेपात) आणखी दीड लिटर. म्हणजे सिमेंट-वाळू 1 ला 3. खड्डे खोल असतील तर आधी ते वेगळे भरून घ्या, नाहीतर हा हिशेब पुरणार नाही. लॅटेक्सचे प्रमाण कंपनीनुसार थोडे बदलते, तेव्हा डब्यावर छापलेले प्रमाण पाळा. पण कोणी पोत्याला लिटरभर टाकून ‘केमिकल घातले’ म्हणत असेल, तर ते नावापुरते आहे. पोत्याला 5 लिटरच्या खाली 10 मिलिमीटरच्या थरात ठोस फरक पडत नाही.

वाळू मोजायला पाटी किंवा घमेले नको, 35 लिटरचा फर्मा घ्या. त्यात सिमेंटचे एक पोते बरोबर मावते. भीमेची वाळू असो की क्रश सँड, 4.75 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळलेली हवी. क्रश सँडमध्ये खाणीची पूड जास्त असेल तर पाणी वाढवावे लागते आणि थर चिरतो. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला मातकट थर वाळूच्या उंचीच्या 8 टक्क्यांहून जास्त असेल तर ती वाळू धुऊन घ्या किंवा परत पाठवा.

पाण्याबद्दल. शहरात नळाला रोज पाणी येत नसल्याने बांधकामाला सर्रास बोअरचे वापरले जाते. काँक्रीटचे भारतीय मानक आयएस 456 नुसार आरसीसीसाठी पाण्यातले क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत, बिनसळईच्या काँक्रीटसाठी 2000 च्या आत असावे. ज्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, ते तपासल्याशिवाय गच्ची आणि पायऱ्यांना वापरू नये. कोब्यावर पुढे उमटणारी पांढरी पूडही बऱ्याचदा याच क्षारांची असते. मालासाठी लागणारे पाणी थोडेच असते, त्यासाठी पिण्याचे पाणी बाजूला काढून ठेवणे जड नाही.

सिमेंट आणि वाळू कोरडी असताना तीनदा उलटसुलट करा. लॅटेक्समध्ये पाणी मिसळून मग ते मालात घाला. एका पोत्याला 10 लिटर लॅटेक्स असेल तर वरचे पाणी 10 ते 12 लिटर, त्याहून जास्त नाही. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. माल मुठीत दाबल्यावर आकार धरून राहिला पाहिजे, हातातून गळता कामा नये. मिक्सरमध्ये कालवत असाल तर दोन-तीन मिनिटांत थांबा, जास्त फिरवले की लॅटेक्स फेसाळते आणि मालात हवा अडकते. एका वेळी 20 मिनिटांत संपेल तेवढाच माल कालवा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो हलका करणे म्हणजे सगळा खर्च वाया घालवणे.

टाकण्याचा क्रम

आदल्या संध्याकाळी कोबा भिजवा, रात्रभर ओला राहू द्या. सकाळी पृष्ठभाग काळपट ओला दिसावा, पण त्यावर पाणी साचलेले नसावे. खळग्यातले पाणी फडक्याने टिपून घ्या.

मग जोडलेप: एक भाग लॅटेक्स, एक भाग पाणी, तीन भाग सिमेंट, सगळे मापाने. रंगासारखा पातळ नको, ब्रशने ओढता येईल इतका दाट हवा. तारेच्या किंवा राठ केसांच्या ब्रशने तो कोब्यात घासून बसवा. आणि या लेपाचा एकच कायदा: तो ओला असतानाच वर माल पडला पाहिजे. उन्हात वाळून चकाकला की तो चिकटवणारा राहत नाही, उलट वरच्या थराला सुटा ठेवणारा पडदा बनतो. म्हणून संपूर्ण अंगणाला आधी लेप मारून मग माल टाकायला घेऊ नका. चार फुटी पट्टे पाडा. बिगारी लेप मारत पुढे जाईल आणि गवंडी त्याच्या दोन हात मागे माल टाकत येईल, असे बसवा. लेप वाळलाच तर तो घासून खरवडा आणि पुन्हा नवा मारा.

काही ठिकाणी जोडलेपाला लॅटेक्सऐवजी सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यात मिसळून वापरतात. तो स्वस्त पडतो, पण पाणी लागले की पुन्हा विरघळतो. अंगण, मोरी, गच्ची यांत त्याला जागा नाही. दुकानात विचारताना ‘एसबीआर’ हा शब्द उच्चारून मागा.

माल ॲल्युमिनियमच्या पट्टीने ओढून उताराला आणा. उघड्या अंगणाला 10 फुटांत दीड इंच उतार असू द्या, पाणी घराकडे नाही तर रस्त्याकडे किंवा चेंबरकडे. पृष्ठभागाला लाकडी रंध्याने (माल सपाट करण्याच्या फळीने) शेवट द्या. लोखंडी थापीने घोटून आरशासारखे केलेले अंगण पहिल्या पावसात पाय घसरवते. आणि सगळ्यात वाईट सवय: वर आलेले पाणी आटवायला कोरडे सिमेंट भुरभुरून घोटणे. त्यातून तयार झालेली साय खालच्या मालाहून वेगळी आकसते, जाळीदार चिरा पडतात आणि वर्षभरात पोपडे निघतात. झिजलेल्या कोब्यांपैकी कित्येकांची झीज मुळात याच सायीपासून सुरू झालेली असते.

लॅटेक्सच्या मालावर लवकर साय धरते, म्हणून एका जागी पुन:पुन्हा रंधा फिरवू नका, पृष्ठभाग फाटतो. अवजारे लगेच धुवा. वाळलेले लॅटेक्स पाण्याने सुटत नाही.

जुन्या कोब्यात जिथे जोड होते, त्याच रेषेवर नव्या थरात पूर्ण खोलीचा काप दुसऱ्या दिवशी कटरने मारा. कापला नाही तर तो जोड स्वतःच वर येतो, तोही वेडावाकडा.

क्युरिंग: इथे जुनी सवय मोडावी लागते

साध्या सिमेंटच्या कामाला आयएस 456 उष्ण-कोरड्या हवेत निदान 10 दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला 14 दिवस ओलसर ठेवायला सांगते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही मुदत कमी समजू नये. लॅटेक्सच्या थराचे मात्र वेगळे आहे. त्याला पहिले 24 ते 48 तास ओले बारदान आणि वर प्लास्टिक, आणि मग ते काढून हवेत वाळू द्यायचे. कारण रबराचा पापुद्रा पाणी निघून गेल्यावरच तयार होतो. आठ दिवस आळे करून पाणी साठवले तर सिमेंट मुरते, पण ज्यासाठी पैसे मोजले तो पापुद्रा अर्धवट राहतो. हे गवंड्याला आधीच सांगून ठेवा, कारण त्याच्या मते तुम्ही पाण्याचा आळस करत असता.

बारदानाऐवजी जुन्या रंगीत चादरी टाकू नका. सोलापूरच्या घरात त्या हाताशी असतात खऱ्या, पण ओल्या सिमेंटवर रंग उतरला की डाग कायमचा. साधे पोते किंवा धुऊन पांढरी पडलेली चादर चालेल.

मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो, आणि उन्हात तापलेला कोबा हवेपेक्षाही गरम असतो. अशा दिवसांत हे काम पुढे ढकलता आले तर ढकला. नसेल तर दुपारी चारनंतर कोबा पाण्याने थंड करून संध्याकाळी सुरू करा, किंवा पहाटे सुरू करून नऊच्या आत आवरा. वर हिरवी शेडनेट बांधा, गरम वाराही तितकाच पाणी ओढतो. आपल्याकडे मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात पडतो, त्यामुळे ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मार्गावरची घरे संक्रांतीच्या आधी अंगण नवे करून घेतात, त्यांनी काम निदान तीन आठवडे आधी उरकावे. कोवळ्या, लाकडी रंध्याच्या पृष्ठभागात रांगोळीचे रंग शिरले की सहज निघत नाहीत.

चालायला 24 तासांनी, दुचाकीला चौथ्या दिवशी, चारचाकीला निदान सातव्या दिवशी. पीपीसी असेल तर 10 दिवस थांबा.

पायऱ्यांच्या कडा

तुटलेल्या कडेवर नुसता माल थापून आकार देणे महिनाभर छान दिसते. कड जिथे तुटली तिथून आत दीड-दोन इंच काटकोनात कापून घ्या, समोर फळी घट्ट बांधा, जोडलेप मारून घट्ट माल ठोकून भरा. मोठ्या तुटीला 6 मिलिमीटरच्या दोन-तीन स्टीलच्या खुंट्या भोक पाडून बसवा. त्यांच्यावर निदान 20 मिलिमीटर माल आला पाहिजे, नाहीतर त्याच गंजून कड फोडतील. फळी दुसऱ्या दिवशी काढा, त्याच संध्याकाळी नाही. दुरुस्तीचा तयार माल पोत्यात मिळतो, त्यात फक्त पाणी घालायचे असते. दोन-चार कडांसाठी तो महाग असला तरी आम्ही तोच सुचवू, प्रमाण चुकायला वाव राहत नाही.

इतर पर्याय, थोडक्यात

सिमेंटचा नुसता घोळ, त्यात लाल किंवा हिरवा रंग: घेऊ नका. अर्धा मिलिमीटरचा थर सिमेंट मुरण्याआधीच वाळतो आणि चपलेखाली भुकटी होतो.

तयार मायक्रो टॉपिंग, म्हणजे पावडर आणि द्रव अशा दोन भागांत मिळणारे 2-3 मिलिमीटरचे काम: कोबा घट्ट आणि सपाट, फक्त दिसायला खराब, अशा ठिकाणी उत्तम. हात सरावलेला गवंडी हवा. ‘सेल्फ लेव्हलिंग’ लिहिलेला माल उताराच्या अंगणाला नाही, घरातल्या खोल्यांना आहे.

सिलिकेटचे हार्डनर: खड्डे नाहीत, तडे नाहीत, फक्त धूळ सुटते, अशा बंद पार्किंगला आणि माळ्यावरच्या खोलीला हे स्वस्त आणि चोख. ते कोब्यातल्या सुट्या चुन्याशी संयोग पावून छिद्रांत घट्ट होते. जादा द्रव पुसून काढला नाही तर पांढरे डाग राहतात. खूप मऊ झालेल्या कोब्याला ते वाचवत नाही.

इपॉक्सी: उघड्या अंगणाला नको. उन्हात पिवळे पडते, भुकटी सुटते, आणि जमिनीतून ओल येत असेल तर फोड उठतात. झाकलेल्या जागेत लावण्याआधी दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही कडांना टेप लावून रात्रभर, निदान 16 तास, चिकटवून ठेवा. खाली ओल दिसली तर थांबा.

गच्चीसाठी एसबीआरचा माल खड्डे भरायला आणि कठड्याजवळचे वाटे (कोपऱ्यातले गोलसर भराव) दुरुस्त करायला वापरा. वरचा उघडा थर मात्र ॲक्रिलिकचा असू द्या, उन्हात एसबीआरचा नुसता लेप पिवळा पडून कमजोर होतो. पांढरे ॲक्रिलिक कोटिंग दोन हातांत, मध्ये फायबर जाळी घालून मारले की खालची खोली उन्हाळ्यात जाणवण्याइतकी थंड राहते. बत्ती कोब्याचे (गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थराचे) पोकळ भाग आधी फोडून भरले नाहीत तर आत साठलेले पाणी कोटिंगला खालून उचलते.

शहाबादी फरशी: कलबुर्गी जिल्हा शेजारीच असल्याने आपल्याकडे ती सहज मिळते आणि उन्हातान्हात वर्षानुवर्षे टिकते. अडचण उंचीची. फरशी आणि खालचा माल मिळून जवळजवळ दोन इंच जमीन वर येते. दारांचा उंबरा, ड्रेनेजचे झाकण, फाटकाची खालची कड आधी मोजा. काळ्या मातीवर हलणाऱ्या अंगणाला मात्र आम्ही फरशीऐवजी 60 मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक सुचवतो. खाली दाबलेला मुरूम आणि इंच-दीड इंच वाळू. जमीन बसली तर तेवढे ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात.

सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागून यंत्रमागाचे शेड असतात. तिथल्या कोब्यात वर्षानुवर्षांचे वंगण मुरलेले असते आणि मागाचा हादरा सतत चालू. तिथे लॅटेक्सचा 10 मिलिमीटरचा थर सुटतोच. माग हलवता येत असेल तर तेवढा कोबा पूर्ण काढून निदान 4 इंचांचे नवे काँक्रीट ओतावे, आणि मागाच्या पायाखालचा भाग बाकीच्या जमिनीपासून जोड देऊन वेगळा ठेवावा.

कॅन घेताना

सील असलेलाच कॅन घ्या. मोठ्या ड्रममधून बाटलीत ओतून दिलेले लॅटेक्स पाणी घातलेले असू शकते. उत्पादनाची तारीख पाहा, बहुतेकांची मुदत 12 महिने असते. दुकानाबाहेर उन्हात रचलेला कॅन टाळा. उघडल्यावर गुठळ्या किंवा कुजका वास आला तर परत करा. एक चमचा स्टीलच्या ताटलीत पसरून रात्रभर वाळवा. सकाळी सोलून निघणारा, ताणला की लांबणारा, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा मिळाला पाहिजे. पांढरी भुकटी किंवा ठिसूळ खपली उरली तर ते अंगणाच्या कामाचे नाही. स्वयंपाकघराचा वजनकाटा असेल तर 100 ग्रॅम वाळवून मोजा, चांगल्या लॅटेक्सचा 35 ते 45 ग्रॅम घन भाग मागे उरतो.

लहान कामाला 1 किंवा 5 लिटरचा कॅन घ्या, 20 लिटरचा स्वस्त पडतो पण उघडा राहिलेला साय धरतो. गवंड्याशी ठरवताना मजुरी चौरस फुटावर ठरवा आणि त्यात तीन गोष्टी वेगळ्या लिहून घ्या: पोकळ भाग फोडणे, कडेची खाच कापणे, आणि पोत्यामागे लॅटेक्सचे लिटर. कालवण्याच्या वेळी स्वतः उभे राहा, आणि रिकामे कॅन काम संपेपर्यंत फेकू देऊ नका, म्हणजे किती माल खरोखर आत गेला ते मोजता येते.